बोहनीची गोणी

हरभऱ्याच्या वावरात स्प्रिंकलर सुरू झाले की माझा कान तिकडे जातो. चक्-चक्-चक् करत सावकाश पुढे जायचं आणि मग फर्रर्र करत एका दमात मागे यायचं, असा त्या नोझलचा आवाज. सकाळी दुकानाच्या ओट्यावर चहा घेताना बसल्या जागेवरून मला सांगता येतं की नाल्याकडच्या शिवारात किती नोझल चालू आहेत. त्यातलं एखादं गप्प झालं की कप हातातच राहतो. बाकीच्यांना वाटतं, लाइन गेली असेल, कचरा अडकला असेल. माझ्या मनात आधी चोरीच येते.

यंदाही तसंच झालं. कापसाची पहिली वेचणी आटोपली, तुरीला शेंगा लागल्या, हरभरा वीतभर वाढला आणि शिवारातून तो आवाज येऊ लागला. हिवाळ्यात ओल्या मातीचा वास येतो तो पावसाळ्यातल्यासारखा नसतो. त्यात हरभऱ्याची आंब मिसळलेली असते. पहाटे पाला दहिवराने भिजतो, त्यावरून हात फिरवून बोट जिभेला लावलं की दात आंबतात. लहानपणी हा वास आला की मी वावराकडे पळायचो. आता हा वास आला की मान वर करून समोरच्या खांबाकडे पाहतो.

खांबावर कॅमेरा आहे. पांढरा, कबुतराएवढा. चौकात चार रस्ते येतात, पण त्याचं तोंड चारपैकी एकाही रस्त्याकडे नाही. ते माझ्या दुकानाच्या दाराकडे आहे. दोन हिवाळे झाले, रोज सकाळी शटर वर करतो आणि पहिली नजर त्याची माझ्यावर पडते. माझी त्याच्यावर पडते ती दुसरी.

मी भंगारवाला. मुकुटबनच्या रस्त्यावरचं आमचं गाव, त्या गावात माझं दुकान. दुकानाआधी सायकल होती आणि सायकलआधी काहीच नव्हतं. सायकलला दोन गोण्या बांधून मी या पट्ट्यातली गावं फिरलो आहे. फुटके डबे, गंजलेले पत्रे, वखराच्या तुटक्या पासा. बायांशी घासाघीस करत, उन्हात उभं राहून, तराजूची दांडी त्यांच्या डोळ्यांसमोर धरून. भाव करणं ही माझी एकच विद्या. कोणी सांगितलं की हे तांबं आहे, तर मी चुंबक लावतो. कोणी सांगितलं की चुंबक लावू नका, तर दोनदा लावतो. माणूस गोड बोलायला लागला की मी गोणी पूर्ण उलटी करून पाहतो. माझा राग नाकावर असतो असं लोक म्हणतात. खरं आहे. पण या धंद्यात नाकावर राग नसेल तर नाक राहत नाही.

फक्त एका माणसाची गोणी मी उघडत नव्हतो. दिवसातल्या पहिल्याची.

विकणाऱ्याला जशी पहिली विक्री, तशी आम्हाला पहिली खरेदी. तीच आमची बोहनी. ज्याच्या हाताखाली मी धंदा शिकलो तो म्हातारा दोनच गोष्टी बजावून सांगायचा. तराजूला पाय लावायचा नाही आणि बोहनीच्या मालाला खोट काढायची नाही. जो माल येईल तो काट्यावर ठेवायचा, काट्याला हात लावून कपाळाला लावायचा, तोंडातून भाव निघेल तो द्यायचा आणि गोणी आत टाकायची. उलटसुलट केली तर दिवस उलटा जातो. मी देवाचं फारसं करत नाही. पण हे पाळलं. इतकी वर्षं पाळलं की हा नियम आहे हेही विसरलो होतो.

आणि माझी बोहनी ठरलेली होती. वसंतभाऊ मोटारवाले. विहिरीवरच्या मोटारी भरून देणारा, म्हणजे जळालेली मोटार खोलून तिच्यात नवीन तार बसवणारा हा माणूस. सगळ्या शिवारात त्याच्याइतका चांगला हात कोणाचा नाही. जळालेली तार निघते ती तांब्याची. ती तो माझ्याकडे आणायचा. सकाळी शटर अर्धं वर गेलं की सायकलवरून उतरायचा, गोणी काट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे बावा, तुझा दिवस सुरू कर."

त्याचा हात चांगला लागतो असं मी बायकोला सांगायचो.

दोन हिवाळ्यांपूर्वी शिवारातून नोझल चोरीला जायला लागली. स्प्रिंकलरचं नोझल पितळेचं असतं. मुठीत मावतं आणि पाइपवरून दोन आट्यांत निघतं. संध्याकाळी माणूस पाणी बंद करून घरी येतो, सकाळी जाऊन पाहतो तर पाइप उभे आणि त्यांची डोकी गायब. आधी एकाची गेली, मग नाल्याकडच्या सगळ्यांची. हरभऱ्याला फुलाच्या वेळी एक पाणी चुकलं की पीक बसतं. गावात चिडचिड सुरू झाली. त्यातच बसथांब्यावर पोट्टे दारू पिऊन बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना बोलतात, अशी जुनी तक्रार होतीच. दोन्ही मिळून गावाची सुरक्षा समिती झाली.

समितीच्या पुढे सुषमाताई, आमच्या पोलीस पाटील. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, बोलायला माझ्यापेक्षा जड. मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात पहिली बैठक झाली. तिने वही उघडली नाही, इकडचं तिकडचं बोलली नाही. सरळ माझ्याकडे पाहून विचारलं,

"गजूभाऊ, चोरीचं पितळ कोणी घरी शिजवून तर खात नाई. ते कुठीतरी विकत असंन. या गावात पितळ घेते कोण?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला अजून तो आवाज आठवतो. माना वळल्याचाही आवाज असतो.

"मी घेतो," मी म्हणालो. "लपून घेतो का? चौकात घेतो."

"कोणापासून घेता?"

"लोक आणून देतात, मी घेतो. प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारू का, बावा तुझ्या आजीचा गडवा हाय का शेजारच्याचा?"

"विचारावं लागंन," ती म्हणाली.

मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. देवळाच्या दारात बोललो याचं बायकोला पुढे कित्येक दिवस वाईट वाटत होतं. शेवटी समितीने ठरवलं की चौकात कॅमेरा लावायचा आणि यापुढे गावातल्या चोरीचा एक जरी नग माझ्या दुकानात सापडला तर दुकान चौकातून उठवायचं, नाल्यापलीकडे न्यायचं. नाल्यापलीकडे म्हणजे गावाबाहेर. सायकलवर वीस वर्षं काढून मी चौकात येऊन बसलो होतो, आणि त्यांनी एका ओळीत मला परत गावाबाहेर काढायची सोय करून ठेवली.

वसंतभाऊही त्या बैठकीला होता, समितीतही होता. कॅमेऱ्याला वीज त्याच्याच घरून दिली.

समितीने कामं केली हे मला नाकारता येत नाही. पण त्या वेळी प्रत्येक कामात मला डाव दिसत होता. बसथांब्यावर दिवा लागला तेव्हा मी म्हणालो, दिवा कोणाच्या मेहुण्याने बसवला ते पाहा. शिट्ट्या वाटल्या तेव्हा म्हणालो, आता रिकामे लोक शिट्ट्या वाजवत फिरतील. मोबाइलवर गट केला. त्यात सकाळी फुलांची चित्रं आणि दुपारी 'अनोळखी इसम दिसला' असे निरोप यायचे. तो अनोळखी इसम एकदा आमच्याच गावचा जावई निघाला. दिवसभर त्याला चार जणांनी नाव विचारलं होतं. मी त्यावर मोठमोठ्याने हसलो.

बायको, शोभा, तुरीच्या शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, "हसा. पण तुमची पोरगी कॉलेजातून येते तवा अंधार पडते. त्या थांब्यावर उतरते ती. आधी मी तिले घ्यायले जात होती, आता नाई जात. तेवढं ध्यानात ठेवा."

"दिव्याबद्दल मी काही म्हणतो का?"

"सकाळपासून तेच तं म्हणून राह्यले."

शेंगा उकडल्याचा वास घरभर होता. हिवाळ्यातली ती चव मला फार आवडते, पण त्या वर्षी तोंडात घास नुसता फिरत होता. मला चोर सापडायला हवा होता. गावासाठी नाही. माझ्यासाठी.

आणि मी एक गोष्ट केली. पुढच्या बैठकीत, कोणी विचारलं नसताना मी म्हणालो, "बाहेरून वेचणीले लोक आले हायत. नाल्याजवळ पालं टाकून राह्यतात. नोझल नाल्याकडचेच जाऊन राह्यले. मी काही म्हणत नाई, फक्त सांगतो."

भाव करताना हे मला चांगलं जमतं. सरळ आकडा सांगायचा नाही, समोरच्याच्या तोंडून काढायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी समितीची माणसं पालांवर गेली. पितळ ओळखायला मला सोबत घेतलं. ते लोक चंद्रपूरकडून आले होते. बाया वावरातून नुकत्याच आल्या होत्या, कमरेच्या ओटीत कापूस भरलेला, बोटांना बोंडांचे ओरखडे. कोणी भांडलं नाही. एकेकीने आपली पेटी उघडली. लुगडी, चादर, पोराची पाटी, गोडेतेलाची बाटली. एका बाईच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. सगळे पुढे सरकले. तिने फडकं सोडलं. पितळेचा तांब्या होता. जुना, बुडाला झिजलेला.

माणसांनी तो माझ्या हातात दिला. मी टिचकी मारली, बूड पाहिलं, काठ पाहिला. म्हणालो, "घरचा हाय."

तिने हात पुढे केला नाही. माझ्याकडे पाहत म्हणाली, "काटा आणला नाई का भाऊ? वजन करून घ्या ना. मग सांगा घरचा का दारचा."

मागे कोणीतरी हसलं. मी तांब्या तिच्या पेटीत ठेवला. आम्ही परत निघालो. नाल्याच्या काठाने स्प्रिंकलर चालू होते, त्यांचं पाणी वाऱ्याने रस्त्यावर येत होतं. आम्ही सगळे भिजत चाललो आणि बाजूला व्हायचं कोणाला सुचलं नाही.

त्यानंतरही नोझल जात राहिली. मी झोपेतून उठून हिशेब मांडायचो की कोण, कोण, कोण. दूधवाला. ग्रामपंचायतीचा शिपाई. समितीतली दोन पोरं, कारण त्यांच्याकडे नवीन गाडी आली होती. सुषमाताईचा भाऊ, कारण तो सुषमाताईचा भाऊ होता. संशय हा हरभऱ्याच्या आंबेसारखा असतो. कपड्याला लागला की निघत नाही, धुतला तरी डाग राहतो. गावात असा माणूस उरला नव्हता ज्याच्या खिशाकडे मी पाहत नव्हतो. एक सोडून. त्याच्याकडे पाहायचं मला सुचलंही नाही.

शेवटी एका सकाळी मी ग्रामपंचायतीत गेलो आणि सुषमाताईसमोर टेबलावर हात आपटला. "महिनाभर माझ्या दारावर डोळा लावून ठेवला. दाखवा काय दिसलं ते. नाई दिसलं तं कॅमेरा फिरवा आणि सगळ्यांसमोर सांगा की गजूभाऊचं दुकान साफ हाय."

"बसा," ती म्हणाली. "तुम्हीच पाहा. मी तीनदा पाह्यलं, मले एकही अनोळखी माणूस दिसला नाई."

मी बसलो. पडद्यावर माझं दार आलं. स्वतःला असं वरून पाहणं विचित्र असतं. डोक्यावरचं टक्कल दिसतं. मी गोण्या उलट्या करत होतो, चुंबक फिरवत होतो, हात वर करून भांडत होतो. एका म्हाताऱ्याची चार पत्र्यांची मोळी मी पूर्ण सोडून पाहिली होती. मला बरं वाटू लागलं. मी तिला म्हणालो, "पाहा, मुंगी सुटत नाई माझ्या हातातून."

मग दिवस बदलला. पुन्हा सकाळ. शटर अर्धं वर. सायकल. गोणी काट्यावर. माझा हात काट्याला, मग कपाळाला. गोणी आत.

पुढचा दिवस. सायकल. गोणी. कपाळ. आत.

पुढचा दिवस.

सुषमाताई शेजारी बसून तेच पाहत होती आणि तिला काही दिसत नव्हतं, कारण ती अनोळखी माणूस शोधत होती. वसंतभाऊ अनोळखी नव्हता. जळालेली मोटार रोज निघत नाही, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. आठवड्यातून एकदा निघाली तरी पुष्कळ. आणि तो रोज येत होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाई," मी म्हणालो आणि उठलो.

दुकानात येऊन मागचं दार लावलं. त्याच्या गोण्या कोपऱ्यात तशाच होत्या, गाडी भरून यवतमाळला माल जायचा बाकी होता. पहिली गोणी उलटी केली. वर जळक्या तारेची गुंडाळी. खाली हातोडीने चेपलेलं पितळ. चेपलं तरी नोझलचं एक चेपत नाही, पाणी निघतं ते बारीक तोंड. ती सगळी तोंडं माझ्याकडे पाहत होती.

तो पूर्ण दिवस मी दुकानात बसून काढला. माल गुपचूप गाडीत घातला असता तर संपलं होतं. कॅमेऱ्याला गोणीच्या आतलं दिसत नाही. दाखवला असता तर एक नग नव्हे, गोण्यांच्या गोण्या सापडल्या होत्या, आणि त्यांच्याच ठरावाप्रमाणे माझं दुकान नाल्यापलीकडे गेलं असतं. शोभाला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या वेचणीवाल्या बाईची पेटी तुम्ही उघडून पाह्यली न?"

संध्याकाळ व्हायच्या आत मी वसंतभाऊच्या घरी गेलो. तो अंगणात मोटार खोलून बसला होता. मी चेपलेलं एक नोझल त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उचललं, पाहिलं, परत ठेवलं. चेहऱ्यावर फार काही आलं नाही.

"मले लोक आणून देतात, मी घेतो," तो म्हणाला. "कोणाले विचारू, कुठून आणलं म्हणून?"

माझे शब्द होते. मारुतीच्या मंडपात, सगळ्यांसमोर, तो ऐकत असताना मी बोललेले. त्याच्या तोंडून ऐकताना मला कळलं की ते किती हलके आहेत. काट्यावर ठेवले असते तर काटा हललाही नसता. तो खरं बोलत होता का खोटं, हे मला आजही माहीत नाही. माझा त्याच्यावर विश्वास नाही. पण मग माझ्यावर कोणी का ठेवावा, हे मला सांगता येत नाही.

दुसऱ्या सकाळी मी त्या गोण्या ओढत चौकात आणल्या आणि खांबाखाली उलट्या केल्या. लोक जमले. सुषमाताई आली. मी म्हणालो, "माझ्या दुकानात सापडले. मीच शोधले. बोहनीची गोणी मी उघडत नाई, हे तुम्हाले माहीत नव्हतं, वसंतभाऊले माहीत होतं. आता काय करायचं ते करा."

त्यांनी काय केलं? वसंतभाऊचं पुढचं पोलिसांनी पाहिलं. तो आता गावात नाही. चोऱ्या थांबल्या. दुकान जागेवर राहिलं. सुषमाताई म्हणाली, "ज्यानं स्वतः आणून दिलं त्याले उठवलं तं उद्या कोणी काही आणून देणार नाई." हुशार बाई आहे. पण कॅमेरा फिरवला नाही. आणि त्या सगळ्या मंडळींपैकी एकाने, एकानेही, मला म्हटलं नाही की गजूभाऊ, आमचं चुकलं. दोन वर्षं झाली. मी वाट पाहतो आहे. समितीच्या कार्यक्रमाला मला पहिल्या रांगेत बसवतात, चहा देतात. ते शब्द देत नाहीत. मी भाव करणारा माणूस आहे, चहावर सौदा मिटत नाही माझा.

परवाची गोष्ट. स्प्रिंकलर नुकते सुरू झाले होते. मी शटर वर केलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं. आता मी पहिली गोणीही उघडतो. ओट्याच्या कडेला आणून, खांबाकडे तोंड करून, त्याला दिसेल अशी उघडतो. बोहनीला येणारे दोन-तीन लोक त्यामुळे तुटले.

त्या सकाळी पहिली आली ती एक बाई. डोक्याला रुमाल, ओटीला कापसाचे तंतू. मी ओळखलं. तिनेही ओळखलं असणार, कारण ती ओट्यावर चढली नाही, कडेलाच थांबली. हातातलं फडकं तिने खाली ठेवलं आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच सोडलं. तोच तांब्या. बुडाला आता आरपार भोक पडलं होतं.

"पाहून घ्या," ती म्हणाली. "चुंबक लावा."

पितळ चुंबकाला चिकटत नाही हे तिला माहीत होतं. मलाही. लावू नका म्हटलं तर मी दोनदा लावतो, आणि ही तर लावा म्हणत होती. माझा हात उचलेना. समितीकडून मला जे शब्द हवे होते ते दोन वर्षं माझ्या जिभेवर पाठ होते. ते माझ्याकडूनही कोणाला तरी देणं होतं, हे मी सोयीने विसरलो होतो.

"त्या साली चुकलं माझं," मी म्हणालो. "तुमच्या पालावर मीच पाठवलं होतं लोकायले."

तिने माझ्याकडे पाहिलं. खोटा रुपया पाहावा तसं. मग म्हणाली, "माहीत हाय. तुम्ही टिचकी मारली तवाच समजलं. ज्याले पितळ एवढं समजते त्याले चोर कोण ते समजत नसंन काय?"

"नाई समजलं," मी म्हणालो. "खरंच नाई समजलं."

तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही. तिने तांब्या उचलून स्वतःच काट्यावर ठेवला.

"बोहनी हाय न तुमची?" ती म्हणाली. "मग आता भाव नका करू."

मी काट्याला हात लावला, कपाळाला लावला. तिने मागितलं तेवढं दिलं. ती फडकं झटकून निघाली. खांबाखालून जाताना तिने एकदाच मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.